पासिंगपुरते पॅड

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा विषय निघाला की लोक हसतात. मला राग येतो. आधी त्या सरांचाच येतो, मग हसणाऱ्यांचा, आणि ज्या व्यक्तीचा सगळ्यात आधी यायला हवा तिचा सगळ्यात शेवटी. मी त्याच क्रमानं सांगणार आहे, कारण मला तो तसाच आला.

आम्ही राहायला मुरुमला आणि शाळा नळदुर्गच्या अलीकडे, हायवे सोडून आत. आत वळलं की एक लांबलचक उतार लागतो, उताराच्या तळाला ओढ्यावरचा बिनकठड्याचा पूल, आणि पुलापलीकडे शाळेचं गेट. म्हणजे आमचं रोजचं अपडाऊन. सरांकडे सात जणांची जुनी पांढरी जीप होती. सर आणि आम्ही सहा मास्तर-मास्तरणी तिच्यातून जायचो. दर महिन्याला डिझेलची वर्गणी द्यायची आणि तोंड मिटून बसायचं, असा करार होता. वर्गणी मी वेळेवर दिली. तोंड मिटणं मला जमलं नाही, आणि ज्या एका वेळी ते उघडायला हवं होतं, तेव्हा मात्र छान मिटलं. ते पुढं येईलच.

जीप सुरू करण्याआधी सर ती थांबवायची तयारी करत. किल्ली फिरवण्याआधी पायानं तीनदा ब्रेक दाबायचा, मान तिरकी करून कान द्यायचा, मग खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांसमोर उकिडवं बसायचं आणि चाकाच्या भोकांतून बॅटरीच्या उजेडात आत बघायचं. रोज. आम्ही सहा जण डबे मांडीवर घेऊन आत बसलेले, घड्याळ पळतंय, आणि हा गृहस्थ चाकाचं दर्शन घेतोय. गाडीत फडक्यात गुंडाळलेल्या दोन विटा कायम असायच्या. जीप कुठंही उभी केली की चाकाखाली वीट, अगदी शाळेच्या मैदानात सुद्धा. "अहो सर, मैदान सपाट आहे," मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "मैदानाला म्हाईत हाय का ते?"

हॉर्न ते वाजवत नसत. "हॉर्न म्हंजे समोरच्याला सांगनं, की बाबा तू थांब. त्यानं का थांबावं? आपलं आपन थांबावं." त्यामुळं आमची जीप प्रत्येक म्हशीसमोर उभी राहायची आणि म्हैस सावकाश रस्ता ओलांडायची. गतिरोधकाची चाहूल सरांना फर्लांगभर आधीच लागायची. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आमच्या पुढं निघून जायचे आणि उसावर बसलेली माणसं मागं वळून आमच्याकडं बघत राहायची. मला इतकी लाज वाटायची, की घरी गेल्यावर ती मी नवऱ्यावर काढायची.

वर्गातही तेच. माझी लेक पाचवीला आमच्याच शाळेत होती. तिनं एकदा एसटीचं चित्र काढलं. लालभडक गाडी, खिडक्यांतून डोकावणारी माणसं, टपावर कोंबड्यांची डालगी. मला फार आवडलं होतं ते. सरांनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, "छान. पण थांबणार कशी?" पोर रडत आली. मी चित्र घेऊन तणतणत स्टाफरूममध्ये गेले.

"सर, चित्रात कधी ब्रेक दिसतो का?"

"दिसत न्हाई. म्हनूनच इचारलं," म्हणाले आणि ब्रश धुवायला लागले.

एका मुलानं या जाचाला कंटाळून विमान काढलं, तर त्याला विचारलं, "उतरनार कुठं?" त्या मुलाचा बाप तक्रार घेऊन आला. सरांनी बहुधा त्यालाही असंच काहीतरी विचारलं असावं, कारण तो परत आला नाही.

आता पॅडचं सांगते. एकदा जीपच्या पुढच्या चाकांतून बारीक किरकिर येऊ लागली. दुसरा कुणी वैतागला असता. सर खूश झाले. "आला बोलायला," म्हणाले. ब्रेकच्या पॅडवर जो मसाला असतो, तो संपत आला की एक छोटी पत्ती चाकातल्या तबकडीला घासते आणि ओरडते, मालकाला कळावं म्हणून. हे ज्ञान मला नको होतं. मला घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या. पण शाळा सुटल्यावर सरांनी जीप हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर लावली, चाकाखाली वीट ठेवली, एक चाक उतरवून जुना पॅड काढून हातात घेतला आणि म्हणाले, "चला सगळे. जीव तुमचे बी हायेत. तुमी बी बगा."

सहा शिक्षक काउंटरसमोर रांगेत उभे. दुकानदारानं तीन खोकी आणून ठेवली आणि त्यातलं सगळ्यात चकचकीत पुढं सरकवलं.

"ह्ये घ्या सर, हेवी ड्युटी. रेसच्या गाड्यांला ह्योच मसाला असतो. तापला की असा धरतो, असा धरतो, की इचारू नका."

"आन् थंड असताना?"

"म्हंजे?"

"सकाळी मुरुमच्या गल्लीतनं भाईर पडलं की पयली म्हैस आडवी येती. तवा ह्यो मसाला थंडच असनार. तो तापस्तोर म्हैस दम धरनार हाय का?"

दुकानदार हसला. सर हसले नाहीत. दुकानदारानं दुसरं खोकं उघडलं.

"मग ह्ये न्या. लई मऊ. आवाज न्हाय, काय न्हाय. मॅडम लोक बसत्यात ना गाडीत, त्येंला बरं पडतंय."

मॅडम लोकांना काय बरं पडतं हे याला कुणी सांगितलं, असं मी म्हणणार होते, पण सरांनी तेवढ्यात मसाला नखानं खरवडला. नखात काळी भुकटी आली. "सात मानसं, वर शाळेचा उतार. ह्ये दिवाळी बगत न्हाय. आन् ह्याला वरडायची पत्ती कुठाय?"

"पत्ती न्हाय. शांत हाय म्हनलं की."

"मेलेलं मानूस बी शांत असतंय," सर म्हणाले.

तिसरं खोकं साधं होतं, त्यावर कुणाचं लक्षही नव्हतं. सरांनी त्यातला पॅड काढून आमच्या जुन्या पॅडवर ठेवला, दोन्हींचे कान, भोकं, कडा जुळवून बघितल्या. खोक्यावरचा शिक्का उजेडात धरून वाचला. मग जुना आणि नवा शेजारी धरून आम्हा सहा जणांसमोरून फिरवला, वर्गात चित्र फिरवावं तसा. "बगा. हितनं हितपस्तोर मसाला पायजे. नखाएवढा ऱ्हायला की बदलायचा. आन् दोन्ही चाकांचा संगटच. येक नवा, येक जुना आसला की गाडी येका अंगाला ओढती."

"सर, मोबाईलवरनं मागवला तर स्वस्तात पडतोय," आमचे पीटीचे सर म्हणाले.

"मोबाईलवर नखानं खरवडता येतंय का?" सर दुकानदाराकडं वळले. "ह्योच द्या. लई भारी न्हाय, लई हलका न्हाय. थंड आसला तरी धरतो, उतारावर तापला तरी सोडत न्हाय, आन् संपत आला की सांगतो. रोजच्या गाडीला रोजचा पॅड."

त्या रात्री घरी नेऊन त्यांनी चारही पॅडच्या लोखंडी पाठीवर, कडेला, ब्रशनं एकेक पांढरा ठिपका दिला. बसवल्यावर चाकाच्या भोकांतून तो दिसायचा. "चित्रकाराची सही," आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

दुसऱ्या दिवशीचं तर विचारूच नका. मुरुम सुटलं, जीपनं जरा वेग घेतला आणि हळू झाली. पुन्हा वेग, पुन्हा हळू. पूर्ण थांबवायची नाही, नुसती हळू करायची आणि सोडायची. "नवा पॅड हाय. त्याची आन् तबकडीची वळख व्हायला पायजे. तीस डाव." तीस! आणि मोजायचं काम माझ्याकडं. रस्त्याकडेला शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं काठी वर करून विचारलं, "मास्तर, डिझेल संपलं का?" सर खिडकीतून म्हणाले, "न्हाय वो, वळख करून देतोय." "करा, करा," म्हातारा म्हणाला. त्याला ते पटलं असावं. मुख्याध्यापकांना पटलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन पहिला तास अर्धा झालेला. सगळ्यांना लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा जाते. मस्टरवर सही करताना मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

पण या सगळ्याहून माझा मोठा राग वेगळाच होता. जूनमध्ये लेकीचं नाव आमच्या शाळेत घातलं तेव्हा मी सरांना म्हटलं होतं, "माझ्या मांडीवर बसेल ती. केवढीशी आहे."

"सात म्हंजे सात."

"अहो, पोर आहे माझं!"

"म्हनूनच. वजन वाढलं की थांबायला जागा जास्त लागती. आन् मांडीवरच्या लेकराला कोन धरतंय मॅडम, आपलाच हात सुटतोय."

बाकीच्या पाचांनीही सांगून बघितलं. नाही म्हणजे नाही. शेवटी पोरीला शाळेच्या जीपमध्ये घालावं लागलं. तीही सरांच्या गाडीच्याच बनावटीची जीप, फक्त पिवळी. तिचे ड्रायव्हर मामा मुरुमचेच, गाडी त्यांच्या दाराशी असायची. सकाळी मुरुमपासून वाटेवरच्या गावांतली मुलं गोळा करत यायचे. सात जणांच्या त्या गाडीत चौदा मुलं, दप्तरं टपावर. तिथं कोण म्हणणार सात म्हंजे सात? मी वर्षभर सरांशी धड बोलले नाही. "काही लोकांना माझी लेक जड होते," असं मात्र त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायची. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. एवढंच माझ्या लक्षात आलं होतं की मधल्या सुट्टीत ते आता पिवळ्या जीपसमोरही उकिडवे बसायला लागलेत. मला वाटलं, रोग वाढला.

आता पासिंग. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का, ते अधिकारी तपासतो आणि दाखला देतो, त्याला पासिंग म्हणतात. अधिकारी बिचारा समोर उभी असलेली गाडी तपासणार. समोर काय उभं करायचं ते आपल्या हातात. म्हणून पासिंगच्या आदल्या दिवशी सगळे कामाला लागतात. याचे टायर, त्याचा दिवा, कुणाच्या काचा पुसायच्या दांड्या. गाडी नवरीसारखी नटून जाते, दाखला घेऊन येते, आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत. याला कुणी फसवणूक म्हणत नाही. "पासिंगपुरतं" म्हणतात. शाळेत आम्ही पोरांना खोटं बोलू नये म्हणून सुविचार लिहायला लावतो, आणि त्याच फळ्याखाली उभं राहून "पासिंगपुरतं" म्हणतो. मीही म्हणत होते.

एका शुक्रवारी संस्थेच्या सचिवांनी सरांना ऑफिसात बोलावलं. मी तिथंच हजेरीपत्रक भरत बसले होते.

"सर, उद्या आपल्या जीपचं पासिंग. तुमची आमची गाडी एकच. एका दिवसापुरते तुमचे पॅड द्या. सोमवारी परत."

मला वाटलं, आता फटाका फुटणार. हा माणूस कुणाला साधा पाना उसना देत नव्हता. सर म्हणाले, "देतो की." इतक्या चटकन म्हणाले की सचिवच गोंधळले.

शनिवारी पिवळी जीप पास झाली. सोमवारी आम्ही सहा जण नेहमीच्या कोपऱ्यावर उभे, तर सर पिशवी काखेला मारून एसटी स्टँडकडं चाललेले.

"सर, जीप?"

"पॅड न्हाईत."

"मग घ्या ना परत."

"दिलेत ते. दिलेलं परत काय घ्यायचं?"

"मग नवे घाला!"

"दुकानात आपल्यातला न्हाय सध्या. आठ दिसांनी येतोय."

दुसऱ्या खोक्यातला चालणार नव्हता, हे सांगायलाच नको. एवढं बोलले आणि निघाले. कारण सांगितलं नाही. कारण सांगायची त्यांना सवयच नव्हती, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. एक वाक्य बोलला असता हा माणूस! आम्ही काय मुकी जनावरं होतो?

सोमवारी एसटी भरून आली, थांबलीच नाही. लेटमार्क. मंगळवारी थांबली, पण वाटेत पंक्चर झाली. लेटमार्क. बुधवारी तिसरा, आणि माझी रजा गेली. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तरी." हे "तुम्ही तरी" माझ्या डोक्यात गेलं. मी त्याच संध्याकाळी ड्रायव्हर मामांच्या घरी गेले. पिवळी जीप दारातच होती.

"मामा, सरांचे पॅड काढून द्या."

"सर तर म्हनले ऱ्हाऊ द्या म्हनून."

"सरांचं काय ऐकता? पासिंगपुरतेच दिले होते ना? सोमवारी परत देतो असं सचिवसाहेब म्हणाले, मी या कानांनी ऐकलंय. काढा."

मामा डोकं खाजवत उठले. त्यांनी चाकं उतरवली, सरांचे पॅड काढले, आणि घरातून एका पोत्यातले जुने पॅड आणून त्यांच्या जागी घातले. घालण्याआधी ते जुने मी बघितले. मला गाडीतलं कळत नाही, असं म्हणायची माझी सोय नाही. सरांनी मला दुकानात उभं करून दाखवलं होतं. मसाला नखाएवढासुद्धा नव्हता. ओरडणारी पत्ती तर कुणीतरी पकडीनं मोडूनच टाकली होती.

"हे चालतात ना, मामा?"

"आजपस्तोर चाललंच की, मॅडम."

तेवढं उत्तर मला पुरलं. पांढऱ्या ठिपक्यांचे चार पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मी लढाई जिंकल्यासारखी घरी आले. लेकीला जेवायला वाढलं, तिचं दप्तर भरलं, पाण्याची बाटली घासून पालथी घातली.

गुरुवारी पहिली एसटी धरली. स्टाफरूममध्ये सरांच्या टेबलावर, रंगांच्या डब्यांशेजारी पुडकं ठेवलं. सर आले तेव्हा म्हटलं, "घ्या. उद्यापासून जीप काढा." त्यांनी कागद उलगडला आणि ठिपका बघितला.

"कुनी काढले?"

"मी काढून आणले," मी म्हणाले, शाबासकीच्या अपेक्षेनं.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "मॅडम, तुमची लेक आत्ता कुठं हाय?"

मला आजवर कुणी याहून वाईट शिवी दिलेली नाही.

त्यांनी टेबलावरचं लाल फडकं ओढलं, त्यावर चित्रासाठी मांडलेला माठ खाली पडून फुटला, आणि ते तसेच अनवाणी बाहेर पळाले. मागून मी. पूल ओलांडून उतार चढताना साडीचा घोळ दोन्ही हातांत धरला होता, आणि तोंडानं मी काय बडबडत होते ते मला आठवत नाही. आम्ही माथ्यावर पोचलो आणि पिवळी जीप हायवेवरून आत वळली. सर रस्त्याच्या मधोमध लाल फडकं धरून उभे राहिले. जीप थांबली.

"उतरा रे सगळे."

चौदा मुलं उतरली. सरांनी त्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि रांगेनं उतारावरून चालवत आणलं. माझी लेक मधेच होती. "आई, तू का रडतीस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत. मामा रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये मागून घेऊन आले, आणि गेटपाशी ती नीट थांबली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. काही झालं नाही. जीप उलटली नाही, पुलावरून गेली नाही, कुणाच्या नखाला धक्का लागला नाही. गेटवर सचिव उभे होते. "बघा सर, थांबली की तुमच्याशिवाय!" ते म्हणाले, आणि सगळा स्टाफ हसला. काल थांबली म्हणून आज थांबेल, आज थांबली म्हणून उद्या थांबेल, एवढ्या शास्त्रावर आम्ही लोकांची लेकरं गाडीत भरत होतो. बी.एड. झालेली माणसं आम्ही! सरांनी मैदानातच जीपच्या चाकांखाली विटा ठेवल्या, चाकं काढली, आणि आपले पॅड आपल्या हातांनी पिवळ्या जीपला बसवले. जुने स्वतःच्या पिशवीत टाकले, परत कुणाला सापडू नयेत म्हणून.

चार दिवसांनी त्यांना मेमो आला. शिपायानं तो स्टाफरूममध्येच आणून दिला, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी वाचला. एक, विद्यार्थ्यांमध्ये विनाकारण घबराट पसरवली. दोन, शाळेच्या वाहनाचे पॅड परवानगीशिवाय स्वतःच्या सोयीसाठी काढून नेल्याचा संशय आहे. पॅड कोणी काढले, याचा लेखी खुलासा करावा.

मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझं नाव लिहिलं असतं तर काढून देणारे मामाही त्यात आले असते, आणि मामांची नोकरी त्याच दिवशी गेली असती. त्यांनी चित्रकलेच्या वहीतला एक कागद घेतला. त्यावर जुना पॅड आणि नवा पॅड शेजारी शेजारी, आहे त्या मापाचे, पेन्सिलीनं काढले. इतके हुबेहूब, की जुन्यावरच्या मोडक्या पत्तीचा ओरखडाही दिसत होता. खाली लिहिलं, "पॅड मी काढले. यातला कोणता आपल्या नातवाच्या गाडीला घालाल, ते कळवावे." आणि सही.

सचिवांनी ते कळवलं नाही. सरांची एक वेतनवाढ रोखली. मी दोन खुर्च्या सोडून बसूनच राहिले. मला कुणी विचारलंच नाही, असं मी स्वतःला पुढची चार वर्षं सांगत आले.

आठ दिवसांनी दुकानात माल आला आणि सरांची जीप पुन्हा सुरू झाली. पुन्हा ते तीस डाव. या वेळी मी पुढं बसून मोजले. अठ्ठावीसवर पीटीचे सर "पुरे आता" म्हणाले, तर मी त्यांच्यावर अशी खेकसले की पोचेपर्यंत कुणी बोललं नाही.

मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी चित्रकलेचं कपाट आवरायला मी गेले होते. वाळलेल्या रंगांच्या डब्यांखाली एक फाईल निघाली. आत सचिवांना दिलेल्या अर्जांच्या प्रती. "शाळेच्या जीपचे ब्रेक पॅड तातडीने बदलावेत." पाच अर्ज, आणि पाचही अर्जांवर एकच शेरा, "पासिंगच्या वेळी बघू." सगळ्यात खालचा, पहिला अर्ज जूनमधला होता. माझ्या लेकीला त्यांनी जीपमध्ये नाही म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मी फरशीवर बसून पाचही अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचले.

समारंभात सचिव म्हणाले, "सरांचं संस्थेला नेहमीच सहकार्य राहिलं. त्यांच्यामुळं आपल्या गाडीचं पासिंग कधी अडलं नाही." टाळ्या पडल्या. पुढच्या ओळीत माझी लेक, आता नववीतली, टाळ्या वाजवत होती. मला भाषण करायचं नव्हतं, पण मी उठले आणि माईक धरला.

"ते पॅड सरांनी काढले नव्हते," मी म्हणाले. "मी काढून आणले. माझा लेटमार्क वाचावा म्हणून. जुने किती झिजलेत ते बघून, कळून आणले. मामांना मी भाग पाडलं. आणि सरांना मेमो आला तेव्हा मी तोंड उघडलं नाही."

लेकीचे हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले. सचिव मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागले. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. मी सरांकडं बघितलं. अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि चेहऱ्यावर निव्वळ वैताग.

"मॅडम, झालं ते झालं," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "औंदाचं पासिंग कधी हाय, तेवढं इचारून घ्या."

मी माईकवरच विचारलं. मागून, दाराशी उभ्या असलेल्या मामांनी सांगितलं, "सोमवारी, मॅडम."

माझी लेक आता कॉलेजला जाते. पिवळ्या जीपमधल्या तिच्या जागेवर दुसऱ्या कुणाची तरी लेक बसते. रोज सकाळी मी मामांच्या दारात जाते, चाकांसमोर उकिडवी बसते आणि बॅटरीच्या उजेडात पांढरा ठिपका शोधते. नवे पॅड आले की ठिपका आता मीच देते, रंगाचा डबा सरांचाच आहे, कपाटातून घेतलेला. ठिपका दिसल्याशिवाय मामा किल्ली फिरवत नाहीत. आजवर दोनदा तो दिसला नाही, दोन्ही वेळा पासिंगच्या दुसऱ्या दिवशी, चांगले पॅड काढून झिजलेले परत घातलेले, आणि दोन्ही वेळा मी मुलांना वाटेवरच्या गावांतून गोळा करत एसटीनं शाळेत आणलं. स्टाफरूममध्ये माझ्यावर हसतात. मस्टरवर माझ्या नावापुढं लेटमार्कची तांबडी खूण असते, आणि तिच्या शेजारी मी पेन न दाबता सही करते.